तांब्याचं बूड सपाट का येतं?



चित्रकलेवर भाषण म्हटलं की आपल्याला मोठी नावं ऐकायची सवय आहे. आज तसं काही होणार नाही. आज आम्ही सगळ्यात खालच्या पायरीबद्दल बोलणार आहोत. कधीच चित्र न काढलेला माणूस पहिल्यांदा ड्रॉइंगच्या वर्गात जातो, समोर एक तांब्या ठेवलेला असतो, हातात २ बी पेन्सिल असते, आणि सर म्हणतात, "काढा." तिथून पुढे काय होतं, त्याबद्दल.

‘आम्ही’ म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. आम्ही सात जण. समोर उभं राहून बोलणारा एकच असला तरी हे बोलणं सातही जणांचं आहे, टिपणं सगळ्यांनी मिळून काढली आहेत. आम्ही सातही जण पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे. गेल्या वर्षी आम्ही एका हौशी वर्गाला गेलो. बारा रविवार, सकाळी दोन-दोन तास, विषय ‘फ्रीहँड ड्रॉइंगची मूलतत्त्वं’. वर्गाचं नाव सांगणार नाही, शहरही नाही. कारण तक्रार त्या एका वर्गाची नाही. तसे वर्ग गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातले बरेचसे आमच्या वर्गापेक्षा वाईट असावेत असा आमचा अंदाज आहे. आमचे सर मनापासून शिकवायचे. म्हणूनच त्या शिकवण्याची समीक्षा करावीशी वाटली. पुस्तकाची होते, नाटकाची होते, मग वर्गाची का होऊ नये?

आधी शब्द बघू. ‘फ्रीहँड’. आपल्याकडे याला मुक्तहस्त म्हणतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी या शब्दाचा अर्थ ‘मनाला येईल तसं’ असा घेतला होता. तसा तो नाही. फ्रीहँड म्हणजे पट्टी, कंपास, गुण्या न घेता काढलेलं. हात मोकळा आहे तो उपकरणांपासून. शिस्तीपासून नाही. उलट पट्टी नसते म्हणून शिस्त हातात आणि डोळ्यात यावी लागते. हा एवढा खुलासा पहिल्याच दिवशी झाला असता, तर आमचे दोन रविवार वाचले असते.

आता तो तांब्या. पहिल्या दिवशी टेबलावर एक पितळी तांब्या, शेजारी एक कांदा, मागे निळं कापड. आम्ही अर्धवर्तुळात बसलो. वीस मिनिटांनी सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले. आणि गंमत अशी, की सात जणांनी सात ठिकाणांहून काढलेल्या तांब्यांत दोन चुका अगदी सारख्या होत्या. तोंड जरुरीपेक्षा जास्त उघडं, जवळजवळ पूर्ण गोल. आणि बूड सपाट, पट्टीने मारल्यासारखी आडवी रेघ.

सर म्हणाले, "निरीक्षण कमी पडतंय." आणि त्यांनी फळ्यावर बरोबर तांब्या काढून दाखवला. आम्ही तो उतरवून घेतला. वर्ग सुटला.

आमची समीक्षा इथूनच सुरू होते. निरीक्षण कमी पडतंय हे खरंच, पण एवढ्याने शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. या दोन चुका सातही जणांनी का केल्या? सात माणसं एकाच वेळी सारखीच आंधळी कशी झाली? विचार करा. तांब्याचं तोंड गोल असतं हे आम्हाला माहीत आहे. आयुष्यभर त्यात हात घातलाय, तो आतून घासलाय. म्हणून हाताने गोल काढला. तांब्या टेबलावर स्थिर उभा राहतो, म्हणजे त्याचं बूड सपाट असणार, हेही माहीत आहे. म्हणून हाताने सपाट रेघ मारली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत! तांब्याचं तोंड गोलच असतं आणि बूड सपाटच असतं. फक्त बसल्या जागेवरून ती तशी दिसत नाहीत. डोळ्याच्या पातळीखालचं वर्तुळ लंबवर्तुळ होऊन दिसतं, आणि पातळीपासून जितकं खाली जाल तितकं ते जास्त उघडत जातं. म्हणजे तोंडापेक्षा बुडाचं लंबवर्तुळ जास्त फुगीर असायला हवं. आम्ही नेमकं उलट काढलं होतं.

म्हणजे ही चूक अज्ञानातून आलेली नाही, ज्ञानातून आलेली आहे. आम्ही तांब्या पाहिला नाही, आम्हाला ठाऊक असलेला तांब्या लिहून काढला. हे जर कुणी सांगितलं, की बाबांनो, तुम्ही मूर्ख नाही, तुम्हाला या तांब्याबद्दल जरा जास्तच माहिती आहे, तर पन्नाशीचा माणूस ताठ बसतो. आणि ‘निरीक्षण कमी पडतंय’ म्हटलं की तोच माणूस मनात म्हणतो, आपल्या हातात चित्र नाही.

‘हातात चित्र नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आता जरा मागे जाऊ. फळ्यावर काढायचं आणि पोरांनी उतरवायचं, ही पद्धत आमच्या सरांनी काढलेली नाही. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, तीच आपली जे. जे. अशा शाळांना अभ्यासक्रमाचा नमुना मिळाला तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. तिथे तेवीस टप्प्यांची शिडी होती. आधी रेषा, भूमिती, छापील नमुन्यावरून बाह्यरेषा उतरवणं, मग प्लास्टरचे साचे, मग छाया, आणि बऱ्याच वरच्या पायऱ्यांवर जिवंत माणूस. हेतू स्पष्ट होता. कारखान्यांना आणि हस्तव्यवसायांना नक्षी काढणारे अचूक हात हवे होते. कलावंत घडवणं हा त्या शिडीचा पहिला हेतू नव्हताच. आपल्या जुन्या ग्रेड परीक्षांतला फ्रीहँड आठवा. मधोमध उभी रेघ, डावीकडे वेलबुट्टी, तीच उजवीकडे तंतोतंत. तो त्या शिडीचाच एक तुकडा.

आणि योगायोग बघा. त्याच १८५७ साली लंडनमध्ये जॉन रस्किनचं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ प्रसिद्ध झालं. ते नवशिक्यांसाठी पत्रांच्या रूपात लिहिलेलं आहे. रस्किन त्याआधी तीन वर्षांपासून कामगारांच्या कॉलेजात चित्रकला शिकवत होता. दिवसभर काम करून संध्याकाळी येणारी माणसं. रस्किनला केन्सिंग्टनची शिडी अजिबात मान्य नव्हती. त्याला चित्रकार तयार करायचे नव्हते, बघणारे तयार करायचे होते. चित्र काढता काढता माणसाला झाड, दगड, ढग नीट दिसायला लागावेत, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत एक दार उघडलं, त्याच वर्षी दुसऱ्या एका दाराचं पुस्तक लंडनमध्ये छापलं जात होतं. आपल्या वाट्याला पहिलं दार आलं.

इथे टाळ्या मिळवायला सोपं वाक्य असं आहे, की बघा, इंग्रजांनी आपल्याला नक्कल शिकवली आणि आपली सर्जनशीलता मारली. आम्हीही वर्गाला जाताना साधारण हेच मत घेऊन गेलो होतो. बारा रविवारांनी ते टिकलं नाही. ते का, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

चौथ्या रविवारी सरांनी नक्कल बंद केली. "आज मुक्त! वाटेल ते, वाटेल तसं काढा." दोन तास. काय झालं असेल? डोंगर, त्यामागून सूर्य, खाली नदी, शेजारी झोपडी, नारळाचं झाड. सातांपैकी पाच जणांनी हेच काढलं. (हशा) हसू नका, घरी जाऊन तुम्हीही काढून बघा. चौथीत जे काढत होतो तेच पन्नाशीत आलं, कारण मधल्या काळात हाताला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मोकळीक दिली आणि हात सगळ्यात जुन्या पिंजऱ्यात जाऊन बसला. त्या दिवशी वर्गात जी निराशा होती ती नक्कल करायच्या दिवसांत कधीच नव्हती.

तेव्हा नक्कलेकडे पुन्हा बघावं लागलं. फ्रान्समध्ये शार्ल बार्ग याने चित्रकार जेरोमच्या साथीने १८६६ ते १८७१ च्या दरम्यान एक अभ्यासमाला काढली. १९७ शिलामुद्रित पानं, निव्वळ उतरवून काढण्यासाठी. वरवर पाहिलं तर केन्सिंग्टनसारखीच कोरडी. पण अनेक पानांवर दोन आकृत्या शेजारी शेजारी आहेत. एकीत पाय किंवा चेहरा मोजक्या सरळ रेघांत बसवलेला, दुसरीत तोच छायेसकट पूर्ण केलेला. म्हणजे ती माला शेवटचं चित्र तर दाखवतेच, पण तिथवर कसं जायचं, आधी काय बघायचं आणि नंतर काय, हेही दाखवते. व्हॅन गॉग वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८० साली, बेल्जियमच्या खाण भागात बसून ही पानं उतरवत होता. आणि १८९० साली, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने भावाकडे तीच पानं पुन्हा मागितली. ज्याच्या रेषेला आपण बेफाम म्हणतो, त्याला नवशिक्यांची पानं शेवटपर्यंत हवीशी वाटत होती.

म्हणून नक्कल वाईट असा निकाल आम्ही देणार नाही. कारण न सांगता करून घेतलेली नक्कल वाईट, हा आमचा निकाल. फळ्यावरचा तयार तांब्या उतरवून आम्ही फक्त त्या फळ्यावरचा तांब्या शिकलो. पुढच्या रविवारी टेबलावर तपेली आली आणि आमचं बूड पुन्हा सपाट! (हशा)

हेच मापाचं. तुम्ही चित्रकारांना पेन्सिल पुढे धरून एक डोळा मिटताना पाहिलं असेल. सरांनी तेही दाखवलं. पेन्सिल उभी धरा, अंगठ्याने तांब्याची रुंदी घ्या, ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. आम्ही मोजलं. प्रत्येक वेळी माप वेगळं. तीन आठवडे आम्ही समजत होतो की आमचा अंगठा चुकतोय. खरं कारण साधं होतं. रुंदी घेताना हात ताठ आणि उंची घेताना कोपर थोडं वाकलेलं. पेन्सिल डोळ्याच्या जवळ आली की तीच पेन्सिल तांब्याचा जास्त भाग झाकते, सगळा हिशेब बदलतो. म्हणून कोपर ताठ. डोळा ते पेन्सिल हे अंतर तेच राहायला हवं. एका वाक्याचं कारण. ते वाक्य सांगितलं तर ती युक्ती समज होते, नाही सांगितलं तर ते चित्रकाराचं सोंग होतं.

आता रस्किनकडे येऊ, आणि त्याच्याही बाजूने सगळं खरं आहे असं नाही. त्याचा पहिला धडा काय असेल? एक छोटा चौकोन काढा आणि लेखणीच्या बारीक रेघांनी तो इतका सारखा भरा की कुठेही गडद-फिका डाग दिसू नये. बस. पुढे तो सांगतो, बाहेर जा, रस्त्यावरचा एक गोलसर दगड उचलून आणा आणि तो काढा. आम्ही वर्गाबाहेर, आपापसात हे करून बघितलं. सह्याद्रीच्या माणसाला दगडाला काय तोटा? आणि सांगतो, दगड हा तांब्यापेक्षा चांगला गुरू आहे. कारण तांब्याची चिन्हं आपल्या डोक्यात तयार असतात. ‘दगड कसा काढतात’ हे कुणाच्याच डोक्यात तयार नसतं. तिथे लबाडी करता येत नाही. उजेड कुठून येतोय, कुठे वळतोय, सावलीच्या कडेशी जमिनीवरून परतलेला मंद उजेड कसा आहे, हे बघावंच लागतं.

पण रस्किन याच पुस्तकात डोळ्याच्या निरागसतेबद्दल बोलतो. जगाकडे पहिल्यांदाच दृष्टी मिळालेल्या माणसासारखं, नुसते रंगाचे डाग म्हणून बघा, असं त्याचं सांगणं. गॉम्ब्रिच या कला-इतिहासकाराने १९६० च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ मध्ये यावर मोठा आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं, निरागस डोळा असं काही नसतंच. माणूस आधी मनातला एक ठोकळा कागदावर मांडतो, मग समोरच्या वस्तूशी ताडून तो दुरुस्त करत जातो. आम्हाला आमच्या अनुभवावरून गॉम्ब्रिचचं जास्त पटलं. सपाट बुडाचा तांब्या हा आमचा पहिला ठोकळा. तो काढल्याशिवाय दुरुस्त काय करणार? चूक ही सुरुवात आहे, कलंक नाही. पण दुरुस्त करायला रस्किनचीच नजर लागते, हेही खरं. दोघांना भांडत ठेवण्यापेक्षा पाळीपाळीने बोलवावं.

विसाव्या शतकात अमेरिकेत या नजरेच्या बाजूची दोन पुस्तकं फार चालली. निकोलायडीसचं ‘द नॅचरल वे टु ड्रॉ’, १९४१ चं. कागदाकडे न बघता, पेन्सिल वस्तूच्या कडेवरूनच फिरतेय असं मनात धरून रेघ काढायची, हा त्यातला धडा. आणि १९७९ चं बेट्टी एडवर्ड्सचं, मेंदूच्या उजव्या बाजूने चित्र काढण्याबद्दलचं. त्यात पिकासोने केलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवायला सांगितलं आहे. उलटं ठेवलं की नाक, डोळा, हात ही नावं गळून पडतात आणि उरतात नुसत्या रेघा. हा धडा आमच्या वर्गात झाला आणि चमत्कार वाटावा इतका जमला. मात्र मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूचं त्यातलं सरळसोट विभाजन मेंदूशास्त्राला मान्य नाही, ते फार सोपं करून मांडलेलं आहे. धडा खरा, त्यामागचं कारण तितकं खरं नाही. असं पुष्कळ ठिकाणी असतं, आपल्या घरातल्या औषधांचंही असतं.

कुणी विचारेल, हे सगळं तिकडचं. आपलं काय? आपलं आहे, आणि ते छाती न बडवता सांगता येतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याबद्दल विचारतो, आणि उत्तर चित्र, मग नृत्य, मग संगीत असं मागे मागे जातं. त्याच चित्रसूत्रात शरीराच्या नऊ स्थिती सांगितल्या आहेत, आणि शरीर वळलं की कुठला भाग आखूड दिसतो आणि कुठला वाढतो, त्याला क्षयवृद्धी असा नेमका शब्द आहे. म्हणजे तांब्याचं बूड का फुगतं, या जातीचा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला होता, त्याला नाव मिळालं होतं. आमच्या वर्गात हा शब्द कुणी उच्चारला नाही. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता, भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला. पुढे लंडनच्या आगीत त्यातल्या पुष्कळ जळाल्या. पण त्या विद्यार्थ्यांचा विचार करा. केन्सिंग्टनची बाह्यरेषा गिरवून आलेले हात, आणि समोर अशी रेषा की एकाच वळणात दंडाची गोलाई सांगून मोकळी होते. नक्कलच होती तीही. पण ती रेषा उतरवताना, ही इथे जाड का आणि तिथे बारीक का, हे विचारल्याशिवाय पुढे जाता आलं नसणार.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘हातात चित्र नाही.’

आमच्या सात जणांत एक बाई होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. पाचवीत असताना गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर त्यांची वही वर धरून दाखवली होती आणि हे वाक्य म्हटलं होतं. त्यानंतर त्यांनी रांगोळीसुद्धा ठिपक्यांचीच काढली. पन्नास वर्षं. पण त्यांची नजर कशी होती सांगू? नखांवरचा निळसरपणा, डोळ्यांतला पिवळेपणा दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी त्यांना दिसायचा, सलाइनचे थेंब घड्याळ न बघता त्यांना जाणवायचे. छटा ओळखण्यात आम्ही सहा जण त्यांच्या पासंगालाही पुरलो नसतो. दगड काढायला घेतला तेव्हा त्यांनीच आम्हाला दाखवलं की सावलीतला सगळ्यात काळा भाग कडेला नसतो, कडेच्या जरा अलीकडे असतो.

नवव्या रविवारी स्थिरचित्र होतं, कंदील आणि दोन पेरू. बाईंचा कंदील डावीकडे कलला होता, पण काच अशी आली होती की आतला काळोख आणि बाहेरची चमक दोन्ही दिसत होती. सर आले, म्हणाले, "छान आहे, थोडं बसवून देतो." बोर्ड घेतला, ६ बी घेतली, पाच मिनिटांत कंदील सरळ केला, सावल्या गडद केल्या, पेरू गोल केले. चित्र सुंदर झालं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. वर्गाच्या जाहिरातीसाठी त्याचा फोटोही निघाला. घरी गेल्यावर नातू म्हणाला, "आजी, हे तू नाही काढलंस." दहाव्या रविवारी बाई आल्या नाहीत. अकराव्यालाही नाहीत.

सरांनी वाईट हेतूने केलं का? मुळीच नाही. पण पाचवीतल्या गुरुजींनी जे बोलून केलं, तेच सरांनी पेन्सिलने केलं. गुरुजींनी सांगितलं, तुझ्या हातात चित्र नाही. सरांनी दाखवून दिलं, चित्र माझ्या हातात आहे. दोघांनीही बाईंच्या डोळ्यात काय होतं ते पाहिलं नाही. कंदील कलला होता तर ओळंबा धरायला सांगायचा, दोऱ्याला खोडरबर बांधला की झाला ओळंबा. "तुमची उभी रेघ याच्याशी ताडून बघा" एवढं म्हणायचं. कंदील त्यांनीच सरळ केला असता. दुरुस्त करून दाखवायचीच असेल तर बाजूला, वेगळ्या कागदावर. शिकणाऱ्याच्या कागदावर शिकवणाऱ्याचा हात फिरू नये. आमच्या सगळ्या समीक्षेतून एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

हे घडतं का? कारण वर्ग चित्रासाठी चालवला जातो, शिकण्यासाठी नाही. बारा आठवड्यांच्या शेवटी भिंतीवर टांगायला काहीतरी हवं असतं, पालकांना फ्रेम हवी असते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शिकवण्यांतही अनेकदा हेच होतं. स्मरणचित्रासाठी मंडई पाठ करून घेतात. त्याच भाजीवाल्या, तीच छत्री, तीच पाठमोरी बाई. विषय बसथांबा आला तर भाजीच्या टोपल्या काढून बॅगा ठेवायच्या. स्मरणचित्राच्या नावात स्मरण आहे, पण आठवण मंडईची नसते, सरांच्या मंडईची असते. परीक्षा रद्द करा असं आम्ही म्हणत नाही. खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात या परीक्षांमुळेच पेन्सिल आली, हे आम्ही विसरत नाही. आमच्यातले तिघं त्याच परीक्षांना बसलेले आहेत. पण मुलाने एकदा तरी खऱ्या मंडईत उभं राहून दहा मिनिटं काढलंय का, हा प्रश्न शिकवणीला विचारायला हवा.

मग नवशिक्यांच्या वर्गाकडून आम्ही काय मागतो? फार नाही. एक, प्रत्येक युक्तीचं कारण सांगा, कोपर ताठ का ते सांगा. दोन, चूक कुठल्या जातीची ते ओळखा. माहिती आड आली, माप चुकलं, की हात वळला नाही, तिन्हींना औषध वेगळं. तीन, नक्कल करून घ्या, पण लगेच त्याच जातीची दुसरी वस्तू समोर ठेवा, म्हणजे नक्कल समजली की नाही ते कळेल. चार, पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा आणि शेवटच्या दिवशी त्याच्या शेजारी नवा लावा. शेजारच्याच्या कागदाशी तुलना करू नका. आणि पाचवं सांगून झालंय, विद्यार्थ्याच्या कागदावर हात फिरवू नका.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. "हल्ली फोनवर फोटो बघून हुबेहूब काढणारी मुलं आहेत. त्यांना हे सगळं कशाला?" चांगला प्रश्न आहे. फोटोत गोलाई आधीच सपाट झालेली असते, कॅमेऱ्याने एका डोळ्याने एका जागेवरून ठरवून टाकलेलं असतं. तुम्ही उतरवता तो एक कागद दुसऱ्या कागदावर. तेही कौशल्य आहे, आम्ही नाव ठेवत नाही. पण डोकं जरा हलवलं तर तांब्याचं तोंड मिटतं-उघडतं, हे फोटोत कधी कळणार नाही. आणि ते कळलं नाही तर बूड सपाटच राहणार. रोज एक फोटो जरूर काढा. रोज एक दगडही काढा.

शेवटी त्या बाईंचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही बाहेर गाठून विचाराल. वर्ग संपल्यावर आम्ही सहा जण त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि एक वही आणून दिली. वर्ग सोडल्यापासून रोज एक वस्तू. कुलूप, लसणाची कांडी, औषधाची बाटली, नातवाची चप्पल. कंदील परत काढला होता. तो अजून कललेला होता, पण आधीपेक्षा कमी. खाली पेन्सिलने तारीख, आणि तारखेशेजारी एक छोटा ओळंबा काढलेला होता. आम्ही म्हटलं, "पुढच्या वर्षी परत वर्गाला येणार का?" त्या म्हणाल्या, "येईन. पण बोर्ड मी देणार नाही."

आम्ही इथेच थांबतो. घरी गेल्यावर एक तांब्या टेबलावर ठेवा आणि त्याच्या बुडाकडे नीट बघा.